उंदरामागे बेचाळीस किलोमीटर

माणूस का धावतो, ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या पिढीपाशी तयार होतं. बस सुटते म्हणून, नाहीतर कुत्रं मागे लागतं म्हणून. ह्या दोन्हींपैकी काहीही झालेलं नसताना एखादा माणूस धावताना दिसला, तर आम्ही बाजूला होऊन "काय हो, कुणाकडे काही झालं का?" असं विचारत असू. मी स्वतः चौतीस वर्षं नोकरी केली. मस्टरवर लाल खूण पडायला दोन मिनिटं उरलेली असली, तरी कचेरीचा जिना चालतच चढलो. तेव्हा पासष्टी उलटल्यावर, पहाटेच्या अंधारात, परमुलखात, एका उंदराच्या राज्यात रस्त्याच्या कडेला उभं राहून मी धावणाऱ्या माणसांकडे डोळे लावून बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. चालत.

आमची लेक मंजू फ्लोरिडात टाम्पाला असते. तिथून गाडीनं दीडएक तासावर ओर्लँडो, आणि त्याच्याजवळ वॉल्ट डिस्नेचं ते अफाट करमणूक-राज्य. मिकी नावाचा उंदीर हा तिथला राजा. उंदराचं आपल्याला वावडं नाही. मोदकाच्या ताटाशेजारी त्याला आपण मानाची जागा दिलेली आहे. पण आपल्याकडे उंदीर देवाला घेऊन पळतो, तिथे उंदरासाठी माणसं पळतात. १९९४ सालापासून दर जानेवारीत तिथे मॅरेथॉन भरते. बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर. त्या राज्यातल्या चारही उद्यानांतून धावत जायचं, आणि शेवटी गळ्यात काय, तर मिकीचं पदक. अर्ध्या मॅरेथॉनला डोनाल्ड बदक. लागोपाठच्या दोन दिवशी अर्धी आणि पूर्ण अशा दोन्ही धावलात, तर गूफी. आणि चार दिवसांत पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, अर्धी आणि पूर्ण असं सगळं मिळून ७८ किलोमीटर धावलात, तर डोपी. हा डोपी म्हणजे १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधल्या सात बुटक्यांतला मुका, भोळसट बुटका. एवढं मरमर धावून पदवी मिळवायची ती भोळ्या सांबाची! आणि हे सगळं पदरचे डॉलर मोजून. नुसत्या मॅरेथॉनचेच दोनशेच्या वर होतात. नोंदणीसाठी उड्या पडतात त्या वेगळ्याच.

आम्ही उभयता गणपतीच्या आधी तिथे पोचलो, तेव्हा मंजूच्या फ्रिजवर एक तक्ता डकवलेला दिसला. मला आधी वाटलं, दुधाचा हिशेब. जवळ जाऊन पाहिलं तर शनिवार ९, शनिवार १२, शनिवार १४.

"हे काय, लिटर?" मी विचारलं.

"मैल, बाबा."

गौरी जेवायच्या होत्या त्या आठवड्यात ही मुलगी पहाटे साडेतीनला उठून धावायला गेली. का तर म्हणे नंतर उकाडा होतो. दहावीच्या वर्षी हिला साडेपाचला उठवण्यासाठी मी पांघरुणावर पाणी शिंपडलेलं आहे. आमची ही खिडकीतून बघत म्हणाली, "तेव्हा एवढी उठली असती तर बोर्डात आली असती." मी म्हटलं, "तेव्हा बोर्डानं उंदीर ठेवायला हवा होता."

तिच्या मनगटावर एक घड्याळ असतं. ते अर्ध्या अर्ध्या मिनिटानं टूं टूं करतं. एक टूं झालं की धावायचं, दुसरं टूं झालं की चालायचं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे नावाच्या गृहस्थानं काढलेली ही पद्धत. डिस्नेच्या शर्यतींची तयारी कशी करावी ह्याचे तक्तेसुद्धा त्याचेच. दमल्यावर विश्रांती घ्यायची नाही, दमायच्या आधीच घ्यायची, असं ह्यातलं मुख्य तत्त्व. हे तत्त्व आमच्या कचेरीत फार पूर्वीपासून प्रचलित होतं, फक्त धावण्याचा भाग तेवढा राहून गेला होता.

एके दिवशी जेवताना मी मूळ प्रश्नाला हात घातला. म्हटलं, मंजू, तू एकेचाळीस वर्षांची. घर आहे, नोकरी आहे, शाळेत जाणारा मुलगा आहे. ही धावाधाव काय कमी आहे? जिंकणार तर नाहीसच. ब्राझीलचा आद्रियानो बास्तोस नावाचा माणूस म्हणे ही शर्यत आठ वेळा जिंकून गेला. मग तू कशासाठी?

"पदकासाठी," ती म्हणाली. इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. तब्येतीसाठी, मनःशांतीसाठी असं काहीतरी म्हणेल आणि मग मी मुद्देसूद खोडून काढीन, अशी माझी तयारी होती.

"पण ते तर सगळ्यांनाच मिळतं!"

"सगळ्यांना नाही. पोचणाऱ्या सगळ्यांना."

मग मी गीता काढली. फळाची आशा धरून केलेलं कर्म हे कसं खालच्या प्रतीचं, आणि त्यातून फळ जर असं घाऊक वाटलं जात असेल तर त्याची किंमत काय, ह्यावर मी आमटी गार होईपर्यंत बोललो. जे प्रत्येकाला मिळतं ते बक्षीस नव्हे, असा माझा सिद्धान्त होता. जावईबापू नम्रपणे ऐकत होते, म्हणजे फोनमध्ये बघत होते. मंजूनं शांतपणे विचारलं, "बाबा, तुमच्या निरोपसमारंभातलं घड्याळ अजून कपाटात का आहे?"

आता ह्या घड्याळाची गोष्ट अशी, की ते आमच्या कचेरीत प्रत्येक निवृत्त होणाऱ्याला देत. मिळालं त्या दिवसापासून ते सतरा मिनिटं मागे आहे. तबकडीवर माझं आडनाव कोरलंय, तेही चुकीचं. गेल्या सात वर्षांत आमच्या हिनं ते तीनदा भंगारवाल्याला काढून ठेवलं आणि तीनदा मी ते परत आत ठेवलं.

"ते वेगळं," मी म्हटलं. वाद हरताना माणूस हेच म्हणतो.

आणि मग मंजूनं ती दुसरी गोष्ट सांगितली. हसत हसत सांगितली. चौथीत असताना शाळेत धावण्याची शर्यत झाली, तिच्या रांगेत पाच मुली होत्या आणि ही पाचवी आली. बाईंनी सगळ्यांना 'सहभाग घेतल्याबद्दल' असं प्रशस्तिपत्रक दिलं. ते घेऊन ती घरी आली, मला दाखवलं. मी म्हणालो, "सहभागाचं काय घेऊन बसलीस, हे कुणालाही देतात." आणि संध्याकाळी त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली.

"अडीच किलो साखर, एक किलो तूरडाळ, अंगाचा साबण दोन," मंजू म्हणाली. "मीच गेले होते यादी घेऊन."

सगळे हसले. मीही हसलो. आमच्या घरात पाठकोरा कागद फुकट जात नसे, लग्नपत्रिकांच्या पाठीवर मी हिशेब लिहीत असे, तेव्हा हे खरं असणार. पण मला ते आठवत नव्हतं. तिला साबण किती ते आठवत होतं. त्या रात्री मला झोप लागेना. मी वेळबदलाला दोष दिला. वेळबदल होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

पोरांचं कौतुक केलं की ती शेफारतात, असं आमच्या वेळी सर्वमान्य होतं. 'शाबास' हा शब्द आम्ही अडीअडचणीला म्हणून शिल्लक ठेवला होता, बँकेतल्या मुदत ठेवीसारखा. ह्यात वाईट हेतू नव्हता. पण मोडायची वेळ येईपर्यंत पोरं विमानात बसून गेली.

त्यानंतर मी जरा सावधपणे चौकशी करू लागलो. मंजूबरोबर शनिवारी धावणाऱ्या तीनचार बाया होत्या. त्यांतली एक, शाळेत शिकवणारी, मला म्हणाली की पदकाचं काही खरं नाही, माझी २०१७ ची गोष्ट ऐका. त्या वर्षी जानेवारीत शनिवारी अर्धी मॅरेथॉन होती आणि वादळ, विजा येणार म्हणून ती रद्द झाली. धावणाऱ्यांना पदकं तर देण्यात आली. म्हणजे न धावताच डोनाल्ड बदक पदरात! आमच्या कचेरीत ह्याला उचल म्हणतात. उचल घेतल्यावर काम करणारा माणूस मी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. पण ही बाई आणि तिच्यासारखे कितीतरी जण त्या दिवशी आपापल्या हॉटेलांभोवती फेऱ्या मारत राहिले. गाड्यांच्या तळावरून, तळ्याकाठच्या पाऊलवाटेवरून, मोजून एकवीस किलोमीटर. नुसत्या सुट्टीला आलेल्या लोकांनी कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या, पेल्यांतून पाणी दिलं.

"पण मिळालं होतं ना पदक?" मी विचारलं.

"मिळालं होतं," ती म्हणाली, "पण घालता येत नव्हतं."

हे वाक्य मी आठवडाभर चघळत होतो. म्हणजे पदकासाठी धावतात असं म्हणावं, तर पदक हातात पडल्यावरही धावतात. पदकासाठी धावत नाहीत म्हणावं, तर ते गळ्यात घालून रात्री झोपतात. माझ्या घाऊक-फळाच्या सिद्धान्ताला इथे पहिली चीर गेली. दुसरी आमच्या हिनं पाडली. मी तिला सिद्धान्त समजावून सांगत होतो, तर म्हणाली, "सत्यनारायणाचा शिरा सगळ्यांनाच देतात की. पहिला कोण आला विचारतात का?"

"शिऱ्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावावं लागत नाही."

"पोथी ऐकावी लागते. तुम्ही पाचव्या अध्यायाला येता ते निराळं."

मग मी मॅरेथॉनच्या इतिहासात आधार शोधायला गेलो. हे बेचाळीस किलोमीटर १९५ मीटर असलं अर्धवट अंतर कुठून आलं? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते जेवढं भरलं तेवढं. पुढे १९२१ मध्ये तेच कायम झालं. म्हणजे मुळातच हे अंतर राजवाड्यापायी ठरलेलं आहे. तेव्हा सिंड्रेलाच्या खोट्या राजवाड्यातून धावणाऱ्यांना पोरकट म्हणायचा मला फारसा हक्क उरला नाही. त्याच शर्यतीत दोरांदो पिएत्री नावाचा इटालियन स्टेडियममध्ये पहिला शिरला, पण पार गळून गेलेला. पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी लोकांनी हात देऊन त्याला रेघेपार नेलं आणि त्या मदतीपायी तो बाद झाला. सोनं गेलं अमेरिकेच्या जॉनी हेजला. पण दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं पिएत्रीला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला दिला. आता ह्याला काय म्हणायचं? सहभाग घेतल्याबद्दलच ना? राणीनं त्या पेल्यावर किराणा लिहिला नाही, एवढं मात्र खरं.

असो. जानेवारी उजाडला. शर्यतीच्या दिवशी मंजू रात्री दोनला उठली. पाचच्या सुमाराला ओळीनं तुकड्या सोडतात, प्रत्येक तुकडीला आतषबाजी. मी, ही, जावईबापू आणि नातू सिंड्रेलाच्या राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. नातवानं माझ्याकडून देवनागरी शिकून एक फलक रंगवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत 'आई पळ!' लिहिलं होतं. वाचणाऱ्या मराठी माणसाला वाटावं, मागे पोलीस आहेत.

आणि खरोखर मागे कुणीतरी असतंच. ह्या शर्यतीत एका मैलाला सोळा मिनिटं अशी मर्यादा आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा मिनिटं. सगळ्यांच्या मागून, हातात फुगे घेतलेल्या काही बाया ह्या गतीनं चालत येतात. त्यांच्या मागे पडलात की तुम्हाला उचलून बसमध्ये बसवतात. पदक नाही. यमाचा रेडा आपण पाहिलेला आहे, पण यमदूताच्या हातात रंगीत फुगे ही कल्पना डिस्नेवाल्यांनाच सुचावी. मंजूला त्या बसची स्वप्नं पडत. तिला म्हणे बसमध्ये खिडकीची जागा मिळते आणि शेजारी मी बसलेलो असतो.

तर माणसं यायला लागली. काय माणसं! झग्यातल्या राजकन्या, आणि त्यांतल्या निम्म्यांना दाढ्या. एक सत्तरीचा गृहस्थ परीचे पंख लावून. एक नवराबायको एकमेकांचा हात धरून, दोघांच्या डोक्यावर उंदराचे कान. वाटेत ठिकठिकाणी मिकीचे सगेसोयरे फोटोसाठी उभे होते आणि घड्याळ चालू असताना लोक रांग लावून फोटो काढून घेत होते. रोज कुठल्याशा बँकेत, इस्पितळात, वर्गात उभी राहणारी ही माणसं. त्यांच्याकडे बघून रोज कोण टाळ्या वाजवतं? कामावर वेळेवर पोचल्याबद्दल मस्टरवर कुणी हिरवी खूण केलेली मला आठवत नाही, लालच तेवढी करत. इथे पैसे भरले की एका सकाळपुरती का होईना, हजारो अनोळखी माणसं तुमचं नाव छातीवरच्या कागदावरून वाचून ओरडतात. महाग असेल. पण दुसरीकडे कुठे विकत मिळतं, सांगा.

तेवढ्यात मंजू दिसली. नातू किंचाळला, ही टाळ्या वाजवायला लागली, जावईबापू चक्क नाचले. मीही ओरडायचं ठरवलं होतं. काय ओरडायचं तेही ठरवलं होतं, शब्द एकच होता, तीन अक्षरी. ती समोर आली, माझ्याकडे बघून हसली, आणि माझ्या तोंडून जोरात निघालं, "सावकाश! पडशील!"

शर्यतीत धावणाऱ्या माणसाला जगाच्या इतिहासात कुणी असा सल्ला दिला नसेल. मंजू हसत हसत पुढे गेली.

नंतर आम्ही शेवटच्या रेघेशी जाऊन थांबलो. जावईबापूंच्या फोनवर तिच्या वेळा येत होत्या. एका टप्प्याची वेळ यायला हवी होती ती आली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी त्यांना विचारलं, फुगेवाल्या कुठवर आल्या? त्यांना माहीत नव्हतं. पाय मुरगळला असेल. बसमध्ये बसवली असेल, खिडकीपाशी. मी तिथल्या तिथे येरझारा घालायला लागलो. घाऊक पदक, ज्याला किंमत नाही असं मी चार महिने सांगत आलो होतो, ते हिला मिळावं म्हणून मी मनातल्या मनात दगडूशेठला नारळ बोललो. निष्काम कर्माचं प्रवचन जेवणाच्या टेबलावर देणं सोपं असतं.

बाराव्या मिनिटाला वेळ आली. मागाहून कळलं, बाईसाहेब गूफीबरोबर फोटोच्या रांगेत होत्या.

सहा तास एकेचाळीस मिनिटांनी ती रेघेवर आली. चेहरा लाल, खांद्यावर मीठ सुकलेलं, एक पाय जरा ओढत. कुणीतरी अनोळखी बाईनं तिच्या गळ्यात मिकी घातला. आमच्याजवळ आली तेव्हा तिच्या आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि केळं पुढे केलं. मी पदक हातात घेतलं. चांगलं वजनदार होतं. मी ते उगाचच उलटं करून पाहिलं.

"यादी लिहायला जागा नाहीये, बाबा," मंजू म्हणाली.

"शाबास," मी म्हणालो. जरा हळू म्हणालो असेन, कारण तिनं "काय?" असं विचारलं, आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते इतकं मोठ्यानं निघालं की शेजारची एक दाढीवाली राजकन्या वळून बघायला लागली.

पुढचे तीन दिवस मंजू घरातला जिना उलटी होऊन, कठड्याला धरून उतरत होती. तिसऱ्या दिवशी तशीच उतरता उतरता तिनं सांगितलं की पुढच्या वेळची नोंदणी वसंतात उघडते, आणि पाच किलोमीटरच्या गटात चालणारी माणसंही बरीच असतात, वयाची वरची अट नाही.

मी काही बोललो नाही. पण पुण्याला परतल्यापासून पहाटे आमच्या मागच्या शाळेच्या मैदानाला चकरा मारतोय. सध्या मैलाला एकोणीस मिनिटं लागतात. आमची ही बरोबर येते. बरोबर म्हणजे दहा पावलं मागून, हातात पिशवी, कारण परतताना दूध घ्यायचं असतं. काल शेवटच्या चकरीला मी जरा रेंगाळलो, तर मागून आवाज आला, "अहो, चला. नाहीतर उद्यापासून फुगा आणीन."